बर्फ कोण संपवतंय

कपड्यांच्या कारखान्यात ताईला सगळे चेकरबाई म्हणायचे. शिवून आलेला शर्ट उलटासुलटा करून बघायचा आणि जिथे टाका सुटलाय तिथे लाल बाणाचा स्टिकर चिकटवायचा, हे तिचं काम. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाला शर्ट दिसेनासा होतो, नुसता सुटलेला टाका दिसतो. ताईचं तेच झालं होतं, आणि तिला त्याचा अभिमानच होता.

धाकट्या भावाला बोन मॅरो ट्रान्सप्लांट करून घरी आणलं, तेव्हा ती रजा टाकून आली आणि येताना स्टिकरचं रीळ पर्समध्ये घेऊन आली. मॅरो तिचाच होता. "त्याच्या अंगात आता रक्तसुद्धा माझंच तयार होतंय," असं ती भेटायला येणाऱ्यांना सांगायची, अर्थात त्यांना दाराबाहेरच उभं करून. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्याच्या शरीरात सध्या जंतूंशी लढायची ताकद नाही, साधी सर्दीही जिवावर बेतेल. ताप शंभराच्या वर गेला की कसलीही गोळी न देता, कुणाची वाट न बघता, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

एवढं ऐकल्यावर ताई डोळ्यांत तेल घालून बसली. भांडी उकळून, फळं सोलून, फडकी रोज नवी. विनाकारण त्याला कुणी हात लावायचा नाही, बायकोनेसुद्धा नाही. आणि जिथे डाग दिसेल तिथे बाण. नळाच्या तोटीवर बाण, दाराच्या कडीवर बाण, कपाच्या कानाखाली बाण. भावजय बिचारी घरभर ते बाण हुडकत आणि तिथले डाग पुसत फिरायची. एकदा तर बाण तिच्या चपलेवर निघाला.

चपलेचं कारण असं, की भावजय रोपवाटिकेत कामाला होती. माती, खत, ओली पानं आणि त्यातली बुरशी, सगळं अशा पेशंटला विषासारखं. तिने कुंड्या भरायचं काम सोडून फोनवर ऑर्डर घेण्याचं काम मागून घेतलं होतं. घरी आली की आधी अंघोळ, मग स्वयंपाक. पण ताईच्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच.

"तुझ्या केसांना खताचा वास येतोय."

"आत्ताच धुतले, ताई."

"मग शाम्पू बदल."

धाकटा आतल्या खोलीतून ऐकायचा. तो मोटार ड्रायव्हिंग शिकवायचा. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना, तसा या घरात ताईच्या पायाखाली आहे, असं तो म्हणायचा. भावजय तोंड फिरवून हसायची. ताई हसायची नाही.

एकदा तिने भावजयीला ओट्यापाशी गाठलं. "सांगून ठेवते. ह्याला ताप आला ना, तर तो कुठून आला हे मला कुणी सांगायला नको. मग तू सरळ माहेरी जायचं. ह्याला मी बघेन."

भावजयीच्या हातातला चमचा तसाच राहिला. ताईला वाटलं, बोलत नाही म्हणजे मनात काहीतरी आहे.

आणि मग बर्फ कमी व्हायला लागला.

फ्रिजमधला ट्रे ताई उकळून गार केलेल्या पाण्याने स्वतः भरायची. धाकट्याच्या तोंडात फोड आले की एखादा खडा द्यायचा, एवढ्यासाठीच. एके दिवशी सकाळी भरलेला ट्रे दुपारी अर्धा, संध्याकाळी रिकामा. दुसऱ्या दिवशीही तेच. कुठेतरी पाणी मुरत होतं. ही नक्की बाहेरून काहीतरी आणते, सरबत नाहीतर बाटलीबंद काहीतरी, आणि बर्फ घालून त्याला चोरून पाजते. लाड! जीव जाईल त्याचा आणि ही लाड करतेय. ताईने कचऱ्याचा डबा उपसला. भावजयीची पिशवी पाहिली. काही सापडलं नाही, त्यामुळे संशय आणखी पक्का झाला. सापडत नाही म्हणजे लपवणारी हुशार आहे.

ताप मात्र ती रोज स्वतः बघत होती. काखेतला आकडा फसवा असतो म्हणून थर्मामीटर जिभेखालीच. आकडा चांगला येत होता, या दोन दिवसांत उलट जरा कमीच. ताईला तेवढं समाधान होतं.

शेवटी तिने डाव टाकला. मेडिकलमध्ये जाऊन येते म्हणून मोठ्याने सांगितलं, दार लावल्याचा आवाज केला आणि चप्पल हातात घेऊन घरातल्याच बोळात उभी राहिली. थोड्याच वेळात फ्रिज उघडला. ट्रे वाजला. भावजयीची पावलं आतल्या खोलीत गेली. ताई मागोमाग घुसलीच.

"दाखव! काय देतेस त्याला?"

भावजयीच्या हातात वाटी होती, वाटीत बर्फाचे खडे. धाकट्याचा एक गाल फुगलेला.

"बर्फ, ताई. तोंड जळतंय म्हणतात सारखं."

"आणि काय? वाटीत काय घातलंस?" ताईने वाटी हिसकावली, वास घेतला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. काही नव्हतं. तिने खडे एकेक करून बशीत काढले, वाटीचा तळ पाहिला, कडा पाहिली. नुसता बर्फ.

मागे भावजय म्हणाली, "ताई, ह्यांचं अंग भाजतंय."

ताई वळली. भावजयीने नियम मोडून नवऱ्याच्या मानेवर हात ठेवला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताईने थर्मामीटर काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा काखेत लावला. एकशे दोनच्याही पुढे.

"अरे, मघाशी तर..." ती म्हणाली आणि थांबली. थंड खाऊन लगेच थर्मामीटर लावला तर आकडा खोटा येतो, हे तिनेच तर या घरात सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं. मुद्दाम, धाकट्याच्या देखत.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"कालपासून." त्याने बर्फ गिळला. "तुला कळलं असतं तर तू हिला घरातून काढलं असतंस."

"मी? अरे, मी तुझ्यासाठी..."

"माहीत आहे गं. तुझं रक्त आहे माझ्या अंगात. पण बायको माझी आहे."

भावजय ओरडली, "अहो, बर्फ मीच देत होते ना तुम्हाला! मला तरी सांगायचं!" आणि रडत रडतच तिने हॉस्पिटलची बॅग भरली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ताप कालपासून आहे हे ऐकलं आणि आधी सलाईन लावायला सांगितलं. मग म्हणाले, "एक दिवस फुकट घालवलात. औषध चालू करतोय. रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने शर्टांच्या ढिगातून केसाएवढा दोष काढला असता. इथे भाऊ समोर तापत होता आणि ती वाटीचा तळ बघत होती. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नर्स बाहेर आली. "पेशंटजवळ एकच जण थांबेल. कोण?"

भावजय आपोआप मागे सरकली. काचेपलीकडे धाकट्याने डोळे मिटून घेतले होते, पण ताईने त्याआधी त्याची नजर पाहिली होती. तो तिला घाबरत होता.

"त्याची बायको थांबेल," ताई म्हणाली.

भावजयीने बेसिनपाशी जाऊन हात धुतले, बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत, पुष्कळ वेळ. मग दाराशी आली आणि आत न जाता ताईसमोर उभी राहिली. दोन्ही हात पुढे केले, आधी पालथे, मग उताणे, आणि मान खाली घालून वाट बघत राहिली.