डावा पाय

एर्मेसचे डोळे अधू झाले, परवाना गेला, तेव्हा त्याने निळी गाडी विकायला काढली. तरुणपणी भंगारातून उचलून, एकेक तुकडा जुळवून उभी केलेली गाडी, आणि ती हा माणूस झुरिकच्या दातांच्या डॉक्टरला देणार! मी त्याची बहीण, नीवेस. मोडेनाजवळ घाटमाथ्यावर माझा कॉफी बार आहे. निळी दारातच उभी होती. रविवारी डॉक्टर कागद घेऊन हजर झाला.

तेवढ्यात एर्मेसची लेक मिरेल्ला कारखान्याची नवी पिवळी स्पोर्ट्स कार घेऊन वर आली. बापासारखीच तीही गाड्या चालवून पारखायचं काम करते. काय ती गाडी! वळणांना चिकटून आली. एर्मेसने बॉनेटवरून हात फिरवला.

"सोनं आहे, सोनं. चूक करूच देत नाही."

"मग निळी मला द्या ना, बाबा."

"ती चुकलं की किंचाळते. आणि तुला डावा पाय कुठाय? या पिवळीला क्लचच नाही."

"आत्या, निळीची किल्ली दे," मिरेल्ला म्हणाली. "बाबा, खाली जाऊन वर आणते. तुम्ही ऐका. करकरली तर खुशाल विका."

आमच्याकडे गाडी दिसायच्या आधी कानाने ओळखतात. निळी उतारावरून खाली गेली. मी कॉफीचं यंत्र बंद केलं. निळीला खालचा गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा, मध्ये नेमकी रेस द्यायची. जरा चुकलं की दात खाते.

पहिलं वळण साफ. दुसरंही. इंजिन डोंगरात असं घुमत होतं की माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्यावर गिअर करकरला नाही, पण किंचित उशिरा पडला.

"चुकली," डॉक्टर खुशीत म्हणाला.

"गप्प बसा हो!" एर्मेस खेकसला.

चौथ्यावर पुन्हा तसाच उशीर. एर्मेसचा चेहरा पांढराफटक पडला.

"नीवेस, ही माझी खोड आहे. याच दोन वळणांवर. तीस वर्षं कारखान्यातल्या साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, पण गेली नाही. हिला कोणी शिकवली?"

"कोण शिकवणार? लहानपणी रोज संध्याकाळी याच खिडकीत कान देऊन बसायची. तिसऱ्या वळणावर म्हणायची, आले बाबा."

निळी दाराशी येऊन थांबली. डॉक्टर कागद घेऊन उठला. एर्मेस भिंत चाचपत त्याच्यापुढून गेला, दार उघडून बाजूच्या सीटवर बसला.

"उतरू नकोस," लेकीला म्हणाला. "घरी चल."