एकूण साठ

मी काचवाल्याचा मापाचा टेप बोलतोय. बोलतोय तो नाइलाजानं. माझा शब्दांवर काडीचाही विश्वास नाही. माझ्या पात्यावर छापलंय ६०. सहा आणि शून्य. त्यात ऐकण्यासारखं काही नाही, म्हणून चुकीचं ऐकू येण्यासारखंही काही नाही.

कारखान्यात अंगावर आकडे उमटले तेव्हा वाटलं, चला, आता माणसांची भांडणं मिटली. मूर्खच होतो मी. माणसं मोजतात माझ्यानं आणि सांगतात तोंडानं.

बरीच वर्षं मालकांच्या कमरेला होतो. त्यांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी मला लेकीच्या हातात दिलं. "मापं चोख आणलीस तर दुकान तुझं," म्हणाले. पोरगी हरखली.

पहिलंच काम दवाखान्याच्या खिडकीचं. खाली कपाट आडवं येत होतं, म्हणून तिनं दोन भागांत मापलं. वर चाळीस इंच, खाली वीस. दोनदा मापलं, मी साक्षीला आहे. मग दुकानात फोन केला, "बाबा, उंची एकूण साठ."

मालकांनी कापली एकोणसाठ.

काय हा शब्द! नाव साठाचं घ्यायचं आणि हातात एक कमी ठेवायचा. चोर लेकाचा.

काच चौकटीत उभी केली, तर वर इंचभर फट. कापलेली काच काही वाढवता येत नाही.

"एकोणसाठच म्हणालीस तू!"

"एकूण साठ म्हणाले, बाबा!"

"नुसतं साठ म्हणायला जीभ झिजली असती?"

"आणि तुमची, परत विचारायला?"

मालक लालबुंद झाले. "दुकानाचं विसर आता. मापं घ्यायची, लिहून द्यायची. तुझं तोंड ऐकायचं नाही मला."

तिनं ते अक्षरशः पाळलं.

वर्ष झालं. ती चिठ्ठी टेबलावर आपटते, ते काच कापतात. एकही काच चुकत नाही. मला हवं होतं तेच झालं, आणि आता या दुकानात माझा जीव गुदमरतो.

काल चिठ्ठीवर ५९ आलं. मालकांनी मला ओढलं, खुणेवर अंगठा दाबला आणि तिच्याकडे बघत मोठ्यानं विचारलं, "एकोणसाठ ना गं?"

आकडा स्वच्छ होता. विचारायची काही गरज नव्हती.

बोल गं बाई, मी मनातल्या मनात ओरडलो. चुकीचं बोल, पण बोल!

तिनं पेन्सिल उचलली आणि तोच आकडा गिरवून आणखी ठळक केला.