वाऱ्याकडची बाजू

हरेश्वरने खुंट दोन्ही हातांनी कवटाळला, गुडघे वाकवले आणि एका झटक्यात वाळूतून उपटून काढला. पहाटेपासून खपून सुरूच्या झाडांजवळ ठोकलेले ते खुंट आता तो एकेक करून परत काढत होता. होडीवरचे खलाशी मुकाट्याने ते खांद्यावर घेऊन समुद्राच्या अंगाला निघाले. का म्हणून कोणी विचारलं नाही. तांडेलाला कोणी विचारत नसतं. होडीवर कोणी कुठे बसायचं, जाळं कधी सोडायचं, माघारी कधी फिरायचं, हे तांडेल सांगतो आणि बाकीचे करतात. हरेश्वरची होडी किनाऱ्यावर उभी असली तरी त्या माणसांच्या लेखी तो तांडेलच होता.

विचारलं ते अनंतराव वकिलांनी. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी आणि धोतराचा सोगा हातात धरून ते वाळूतून धापा टाकत आले.

"काय हो तांडेल, जागा चुकली की काय?"

"जागा न्हाय चुकली साहेब. वारा इसरलो व्हतो. दुपारी वारा समुद्रावरनं सुटंल. मोटारीची वाळू न् धूर समदा बायकांच्या तोंडावर यील. पोरं रडतील."

अलिबागच्या पुळणीवर त्या दिवशी मोटारींचा मेळा होता. मुंबईच्या एका शेठजींना जुन्या मोटारींचा नाद होता. पितळी दिव्यांच्या, बाजूला भोंगा असलेल्या, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मोटारी त्यांनी जपून ठेवल्या होत्या, आणि त्या धरमतरच्या खाडीतून तरीवर चढवून इथे आणल्या होत्या. ओहोटीला पुळण उघडी पडली की या मोटारी लांबवर धावणार, रोवलेल्या पिंपाला वळसा घालून परत येणार आणि लोकांनी ते बघायचं, असा बेत होता. लोकांच्या सोयीचं काम अनंतरावांनी अंगावर घेतलं होतं आणि घेतलं म्हणजे घेतलंच होतं. पाण्याचे रांजण, म्हाताऱ्यांना बाकं, टिंक्चर आयोडिनची बाटली, हरवलेल्या पोरांसाठी वेगळा तंबू. घरच्या लग्नातही ते इतके दमले नव्हते, असं त्यांची बायको म्हणे. बायकांना सुरूखाली उभं करायचं ठरवून दोर आणि खुंट यांचं काम त्यांनी कोळीवाड्यातून हरेश्वरला बोलावून त्याच्या हवाली केलं होतं.

"धुराचं खरं आहे," अनंतराव म्हणाले. त्यांनी पिंपाकडे पाहिलं, मग समुद्राकडे. "पण तांडेल, वळताना एखादी मोटार तिकडे घसरली तर?"

हरेश्वर हसला. हे हसू त्याला पुढे फार दिवस आठवणार होतं.

"वाऱ्याच्या उरावर कोन घसरतंय, साहेब? वळताना घसरंल ती वारा न्हेईल तिकडं. म्हंजे जमिनीकडं. तिकडं मी चिटपाखरू उभं करनार न्हाय. बायकांना वाऱ्याकडच्या बाजूला ठेवू. धूर न्हाय, वाळू न्हाय, भ्या न्हाय."

त्याचा सगळा जन्म शिडाच्या होडीवर गेला होता. होडी वळताना किती आणि कोणीकडे सरकते हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. मोटारीत तो कधी बसला नव्हता, पण वळणं म्हणजे वळणं, त्यात निराळं काय असणार, असं त्याला वाटलं. अनंतरावांनाही ते पटलं. त्यांनी हरेश्वरच्या पाठीवर थाप मारली आणि ते रांजणांकडे गेले.

दुपारी वारा सुटला, अगदी हरेश्वरने सांगितला तसा. गर्दी उसळली. रेवसपासून, चौलपासून माणसं आली होती. पिंपाच्या जमिनीकडच्या अंगाला हरेश्वरने दोर बांधून मोठी मोकळी जागा ठेवली होती आणि तिथे घुसणाऱ्यांना तो स्वतः हाकलत होता. पलीकडे, समुद्राच्या अंगाला, कोळीवाड्यातल्या आणि गावातल्या बायका ओल्या, घट्ट वाळूवर पोराबाळांना घेऊन आरामात उभ्या होत्या. त्याची बायको तुळशी त्यांच्यातच होती. तिने लांबून हात करून जागा छान असल्याची खूण केली, तेव्हा हरेश्वरला मनातून फार बरं वाटलं. आपण किती शहाणे, असंच वाटलं.

पहिल्या दोन मोटारी वळून गेल्या. तिसरी सगळ्यांत जुनी होती, सगळ्यांत जास्त आवाज करणारी. ती पिंपाशी आली, तिची पुढची चाकं जमिनीकडे वळली आणि मोटार मात्र वळली नाही. ओल्या वाळूवरून ती आडवी होऊन समुद्राकडे सरकत गेली. वाऱ्याच्या उरावर. हरेश्वरने ते सगळ्यांच्या आधी पाहिलं. पुढचा खुंट मोडला, दोर ताणला गेला, मागचे खुंट वाकले पण उपटले नाहीत, आणि दोरात गुरफटून मोटार थांबली. थांबली तेव्हा तिचं मागचं चाक चंदरच्या बायकोच्या पायावर होतं.

चंदर हा हरेश्वरच्या होडीवरचा खलाशी. त्याची बायको गोदू अजून नवी नवरीच होती.

हरेश्वर धावला, त्याने चार माणसांबरोबर मोटार उचलली, गोदूला हातांवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत खाली ठेवलं नाही. तिथे हाडं जुळवून बांधली. डॉक्टर म्हणाले, पोरगी चालेल, पण लंगडेल, आणि डोक्यावर माशांची पाटी घेऊन बाजाराला जाणं आता विसरायचं.

आणि मग हरेश्वरचं कौतुक सुरू झालं. त्याचे दोर पक्के म्हणून बाकीच्या बायका वाचल्या, असं जो तो म्हणू लागला. ते खोटंही नव्हतं, हीच पंचाईत होती. तो अनंतरावांच्या घरी गेला आणि ओट्यावर उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, जागा मी बदलली." अनंतरावांनी त्याला हाताला धरून बसवलं. "अहो, तुम्ही बदललीत आणि मी मान डोलावली. लोकांच्या भल्यासाठीच ना? मनाला लावून घेऊ नका." त्यांचेही डोळे ओढलेले होते. शेठजी पोरीच्या औषधपाण्याचं बघणार आहेत, असं त्यांनी सांगितलं, आणि गणपतीच्या देवळात हरेश्वरचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा मेळ्याच्या समितीचा विचार आहे, हेही सांगितलं. हरेश्वर चहा न घेता उठला.

चंदर कामावर परत आला. तो एक शब्द वावगा बोलला नाही. उलट पूर्वीपेक्षा लवकर यायचा, हरेश्वरने बोट दाखवायच्या आत दोर ओढायचा. त्याने आई-बापावरून शिव्या दिल्या असत्या तर हरेश्वरला जेवण गेलं असतं. आता तुळशी रोज ताट वाढायची आणि रोज अर्धं परत न्यायची.

"जा," एक दिवस ती म्हणाली. "गोदूला काय ते सांगून ये. असं किती दिस चालायचं?"

चंदरच्या अंगणात जवळा वाळत पसरला होता. त्याची आई आवडाबाई हातात खराटा घेऊन तो वरखाली करत होती. हरेश्वरला पाहून तिने खराटा थांबवला. गल्लीतली ती थोरली बाई, हरेश्वरला तिने उघडा फिरताना पाहिलेला, त्यामुळे तांडेल असला तरी तिच्या तोंडी तो अरेतुरेच होता.

"ये. चंदर जाळं शिवायला गेलाय."

"मला गोदूशी बोलायचंय."

"काय?"

"जागा मी बदलली व्हती, आवडाबाय. वकीलसाहेबांनी सुरूखालीच सांगितली व्हती. मी शानपना केला. तिला सांगतो न् मोकळा व्हतो."

आवडाबाईने खराटा दुसऱ्या हातात घेतला.

"तू मोकळा व्हशील," ती म्हणाली. "मंग मी काय करू?"

"तुमी काय केलं?"

तिने घराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती मागं उभी व्हती रे. पार मागं, समद्या बायकांच्या पाठी. मोटारीच्या आवाजाला भ्याली व्हती. मीच तिचा हात धरून वढत पुढं आनली. म्हटलं, तांडेलानं काढलेली जागा हाय, मुकाट उभी ऱ्हा. हसले बी तिला." तिने पदराने नाक पुसलं. "तू सांगशील जागा वाईट व्हती. मंग ती म्हनंल, त्या जागंवर मला आनली कोनी? आजून बोलली न्हाय ती. इसरली आसंल. इसरू दे. देवाच्या मनात व्हतं म्हनून गप हाय, तशीच ऱ्हाऊ दे. मला मरंस्तवर तिच्या हातचं खायाचंय."

इतके दिवस हे ओझं आपलं एकट्याचं आहे असं तो धरून चालला होता. त्यातलं अर्धं या म्हातारीने उचललेलं निघालं, आणि तरी त्याच्या वाट्याचं कणभर कमी झालं नव्हतं. उलट तिचंही त्याच्यावरच आलं, कारण ती त्याच्या शब्दावर विसंबली होती.

"न्हाय सांगत," तो म्हणाला. "नुसतं बगून येतो."

आत गोदू भिंतीला टेकून बसली होती. पट्ट्या बांधलेला पाय लांब केलेला, मांडीवर तांदळाचं सूप. त्याला पाहून तिने पदर सारखा केला आणि पाटाकडे बोट दाखवलं. हरेश्वर बसला.

"दुखतं?"

"रातच्याला."

ती तांदळातले खडे वेचत राहिली. वेचलेला खडा ती दाराबाहेर टाकत नव्हती, बाजूच्या वाटीत टाकत होती. लगेच उठून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून हरेश्वर तिथेच बसला. बाहेर खराट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. तो एका लयीत येऊ लागला तशी गोदू हळूच म्हणाली,

"सासू जेवत न्हाय."

हरेश्वरने मान वर केली.

"ताट घेते, भात चिवडते न् पडवीत जाऊन कोंबड्यांना घालते. तिला वाटतं मला दिसत न्हाय. मला बसल्या जागी दुसरं काय काम हाय? समदं दिसतं." तिने सूप हलवलं. "तुमी तिला सांगा, मीच पुढं गेले व्हते. मला मोटार बगायची व्हती म्हनून."

"तिनं तुला वढली ना पुढं?"

"मला ठावं न्हाय व्हय? हात माझाच व्हता." ती हे सहज म्हणाली. "पन मी सांगून पटनार न्हाय तिला. म्हनंल, पोरगी उगीच समजूत काढते. तुमी सांगितलं तर पटंल. तुमचं ऐकते ती. तुमचं समदेच ऐकतात."

हरेश्वरचे हात मांडीवर होते. ते त्याने उचलले आणि परत तिथेच ठेवले. अंगणात आवडाबाईला दिलेला शब्द त्याला आठवत होता, पण आता तो आवरला नाही.

"गोदू, ती जागा—"

"ठावं हाय."

तो वाट बघत राहिला. ती आणखी काही बोलेल, चांगलं किंवा वाईट, काहीही, असं त्याला वाटत होतं. इतके दिवस त्याला कोणी वाईट बोललं नव्हतं, आणि त्या चांगुलपणाने तो घुसमटला होता. गोदूने एक खडा वेचला, निरखला आणि वाटीत टाकला.

"मंग मला काय सांगतेस?" शेवटी त्यानेच विचारलं.

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुमाला मी काय सांगनार?" ती म्हणाली. "तुमी तांडेल."

आणि ती परत तांदळाकडे वळली.

हरेश्वर बाहेर आला. उन्हाने त्याचे डोळे क्षणभर दिपले. आवडाबाई खराटा धरून उभी होती, आत काय बोलणं झालं असेल या भीतीने तिचा चेहरा एवढासा झाला होता.

"ती म्हनते, तीच पुढं गेली व्हती," हरेश्वर म्हणाला. होडीवर हुकूम देताना लागायचा तसाच त्याचा आवाज लागला. "मोटार बगायची व्हती तिला. तुमी हात धरला तो मागं घ्यायला, आसं तिला वाटतं."

"आसं म्हनाली?"

"आसंच म्हनाली."

आवडाबाई मटकन जोत्यावर बसली. तिने पदर तोंडावर घेतला आणि तिचे खांदे हलू लागले. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि दाराकडे बघत चिडून म्हणाली, "लगनाच्या येळीच मी चंदरला म्हटलं व्हतं, पोरगी हट्टी हाय. काय नडलं व्हतं तिला येवढं पुढं जायाला? मला बी आठवतंय आता, मी मागंच वढत व्हते." बोलता बोलता तिचा आवाज भरून आला, तसा मोकळाही झाला. ती उठली आणि आत जाऊन चुलीवरचा भात बघू लागली. मडक्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

हरेश्वर जवळ्याच्या कडेकडेने अंगणाबाहेर निघाला, तेवढ्यात ती परत दारात आली.

"आन् तुला रे? तुला काय म्हनाली ती?"

"मला काय न्हाय," हरेश्वर म्हणाला.