शंभर व्होल्टचा जीव

मित्रांनो, आंधी एक गोष्ट साफ करून टाकतो. मी चायनाचा नाही. आमच्या करडी गावात जो येते तो मले बोटानं ठोकते अन् म्हणते, "चायनाचा माल दिसते." अरे, माह्या पाठीवर एवढाल्या अक्षरात लिहून आहे. जपानी वाचता येत नाही तं चूप राहावं ना! मी जुना जपानी कुकर आहो, लायटीवर चालणारा. भात शिजवतो. शिट्ट्या मारत नाही. शिट्ट्या मारणारा तुमचा तो अल्युमिनियमचा. आज वरण होऊन राहिलं हे त्याले पूर्‍या मोहल्ल्याले सांगाचं असते. मी भात झाला का हळूच एक धून वाजवतो अन् बसतो.

कारखान्याचं मले काही आठवत नाही, म्हणून खोटं सांगत नाही. आठवते ते जुन्या सामानाचं दुकान. तिथं मी आठ महिने धूळ खात होतो. मंग एक दिवस लिगाया आली. तिनं झाकण उघडलं, आतल्या भांड्यावर नख फिरवून पाहिलं, ओरखडा नाही म्हणून खुश झाली अन् मले छातीशी धरून, बसमध्ये मांडीवर घेऊन घरी नेलं.

लिगाया फिलिपीन्सची. जपानच्या एका लहानशा गावात म्हाताऱ्या लोकांचं घर आहे, तिथं ती कामाले. त्यांले उठवणं, आंघोळ घालणं, चमच्यानं भरवणं. ज्यांले स्वतःची लेकरं सोडून गेली त्या म्हाताऱ्यांले ही परदेशातली बाई गाणी म्हणून झोपवे. अन् लोकं तिले काय विचारत? "वापस कधी जाणार?" अकरा वर्षं हेच!

सकाळी ती रात्रीचा उरलेला भात ठेचलेल्या लसणात परते. तुम्ही फोडणीचा भात करता ना, तसाच, फक्त हळद नाही. सुट्टीच्या दिवशी चिंचेचं आंबट पाणी, त्यात मासोळीचे तुकडे. अन् महिन्यातून एखाद्या वेळी सुकी मासोळी तळे. तिच्या गावाकडून कोणी आणली तरच. झालं! दुसऱ्या दिवशी दाराले शेजाऱ्याची चिठ्ठी. एवढी गोड भाषा, एवढी गोड, का वाचून पहिले तं धन्यवादच वाटे. पण मतलब एकच, तुह्या घरचा वास बंद कर. लिगायानं त्याले वाढदिवसाच्या लांब शेवया नेऊन देल्या. तिच्या लोकांत वाढदिवसाले अशा शेवया खातेत, आयुष्य लांब व्हावं म्हणून. त्या माणसानं ताट धुऊन, पुसून, वर दोन संत्री ठेवून वापस केलं. अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी.

मंग आली नीतू. आपल्या करडीची, ढीवराची पोरगी. बाप श्यामलाल तलावात जाळं टाकते, माय गीताबाई बाजारात मासोळी विकते. नीतू त्याच म्हाताऱ्यांच्या घरात कामाले लागली अन् लिगायाच्या खोलीत राहाले आली. दारातच उभी राहिली. नाक वर करून वास घेत होती. मले वाटलं, आता हे बी चिठ्ठी लिहीन. पण तिनं बॅग उघडली, कपड्याच्या मधात लपवलेली पुडी काढली. मायनं देलेले सुके झिंगे. लिगाया ते पाहून अशी हासली का पुसू नका.

त्या दिवशी दोघींनी माह्यातला भात हातानं खाल्ला. दार लावून, पडदा ओढून. काहून लावाचं दार? चोरी करून राहिल्या होत्या का? आपल्याच हातानं आपलाच भात खाले माणसाले लपाव लागते, हे मले आजपर्यंत समजलं नाही.

तीन वर्षं मजेत गेले. लिगायाचा ख्रिसमस सप्टेंबरातच सुरू होये. कामट्या अन् पातळ कागदाची मोठी चांदणी करून ती खिडकीत टांगे. नीतूच्या दिवाळीले तिनं तांदळाचं पीठ अन् नारळाचं दूध माह्या पोटात ओतून केक केला. हाव, मी केक बी करतो. तुमच्या शिट्टीवाल्याले सांगा कराले. एकतीस डिसेंबरले जपानी लोकं बी लांब शेवयाच खातेत, आयुष्यासाठी. म्हणजे शेजारी बी त्या दिवशी तेच खाये जे लिगाया खाये. फक्त त्याच्या शेवयांबद्दल कोणी चिठ्ठी लिहे नाही.

अन् पंचवीस डिसेंबर? त्या दिवशी जपानात सुट्टी नाही. केक कापतेत, कोंबडी खातेत, अन् कामावर जातेत. लिगायाची तं दरवर्षी चोवीसच्या रात्रीची ड्युटी. कामावरचे म्हणत, नवीन वर्षाले आम्हाले घरी जाव लागते, तेव्हा बाकीचं तू सांभाळ. वर्षातला एक सण, तो बी ड्युटीत. पण नीतू आल्यापासून संध्याकाळी पाच वाजता, ड्युटीले जायच्या आंधी, दोघी संगं जेवत. तोच त्यांचा सण.

नीतूचं काम संपलं, वापस यायची वेळ झाली. लिगायानं मले पुसलं, खोक्यात ठेवलं अन् नीतूले म्हटलं, "घेऊन जा. एकटीले सहा जणाचा कुकर कायले?" नीतू म्हणे, "चोवीस तारखेले मी याच्यातच आमच्याकडचा नवा तांदूळ शिजवीन. तुझे संध्याकाळचे पाच, तोच आमचा दुपारचा दीड. फोन समोर ठेवू, संगंच जेवू. यंदा बी तू एकटी जेवणार नाही." मी ऐकलं ते. माह्यासमोर झालं.

आता मित्रांनो, खरी गोष्ट ऐका.

जपानातली लाइट शंभर व्होल्टची. आपल्याकडची दोनशेतीसची. नीतूले माहीत होतं. तिनं घरी आल्याआल्या सगळ्यांले बजावलं, "मी नागपूरहून ट्रान्सफॉर्मर आणेपर्यंत याले हात लावाचा नाही." अन् चौदा डिसेंबरले ती नागपूरले गेली. इकडं शेजारचे पुंडलिकराव आले. त्यांच्या धानाच्या बांधीतला नवा तांदूळ घेऊन.

"का गा लिलाधर, हे जपानचं डब्बं करते तरी काय?"

लिलाधर नीतूचा मोठा भाऊ. गावात पंखे बसवते, मोटारीचं कनेक्शन करते, म्हणून त्याले वाटते का वीज त्याच्याच घरी जन्मली.

"भात करते काका. बटन दाबलं का झालं."

"मंग दाब ना. का बहिणीची परमिशन लागते तुले?"

बस! एवढ्यावर मर्द पेटला. गीताबाई म्हणे, "राहू दे ना बापा, ते नाही म्हणून गेली." तं हा म्हणते, "करंट तो करंट, माय. जपानचा काय अन् करडीचा काय." माही पिन सॉकेटमध्ये गेलीच नाही. मी माह्या परीनं नाही म्हटलं होतं, मित्रांनो! एखाद्या शहाण्यानं तिथंच विचार केला असता. यानं मोबाइलची मल्टीपिन आणली, लावली अन् दाबली.

आतून काहीतरी फाटल्यासारखं झालं. धूर निघाला. पुंडलिकराव उठून एकदम अंगणात. "मी काही हात नाही लावला बरं!" हे त्यांचं पहिलं वाक्य.

मंग काय झालं? मले पुसलं. उदबत्ती लावली, जळाल्याचा वास जावा म्हणून. वर फुलाफुलाचा रुमाल टाकला. अन् गीताबाई म्हणे, "चूप राहाजा सगळे. इतक्या दिवसांनी लेकरू घरी आलं, कायले तिचं डोस्कं खराब कराचं?" श्यामलाल जाळं विणत बसला. संध्याकाळी नीतू जड ट्रान्सफॉर्मर दोन्ही हातानं उचलून घरात आली तं सगळे म्हणे, "वा वा, किती मजबूत हाये!"

दहा दिवस! दहा दिवस हे नाटक चाललं. पहिला भात चोवीसलेच कराचा म्हणून पोरगी मले लावून पाहे नाही, फक्त रोज रुमाल उचलून पाहे, पुन्हा झाके. अन् मी आतून जळालेला.

चोवीस तारीख आली. नीतूनं तांदूळ धुतला, पाण्याची रेघ पाहिली, ट्रान्सफॉर्मर लावला, बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तिनं वायर पाहिली, सॉकेट पाहिलं. साडेबारा वाजले होते. अन् ह्या लिलाधरचं तोंड पाहा काय म्हणते, "तुहा ट्रान्सफॉर्मर डुप्लिकेट हाये. नागपूरवाल्यानं फसवलं तुले."

नीतू खालीच बसली. "माहंच चुकलं. तिनं इतके वर्षं सांभाळला दादा, माह्याच्यानं दोन महिने नाही झालं. आता तिले काय तोंड दाखवू?"

माहा संताप संताप झाला. जळालेल्या वस्तूले बोलता आलं असतं तं त्या दिवशी मी पूरी करडी गोळा केली असती!

गीताबाई सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. तिचे हात थांबले. "त्या ट्रान्सफॉर्मरले काहून दोष देतं गा लिलाधर? तोंड हाये का नाही तुले? सांग ना तिले!" लिलाधर भिंतीकडं पाहे. शेवटी मायनंच सांगितलं. मल्टीपिन, धूर, उदबत्ती, सगळं. "अन् चूप राहा म्हणणारी मीच होती वो बाई."

नीतू रडली नाही. ते जास्त वाईट होतं. एवढंच म्हणे, "रोज माह्या हातचा चहा पीत होता ना दादा तू?"

तेवढ्यात पुंडलिकराव दारात. त्यांले सगळ्या घरातलं बरोबर ऐकू येते. "अवं पोरी, त्यात काय एवढं? चुलीवर शिजव, या डब्ब्यात टाक, फोनवर दाखव. तिले तिथून वास थोडी येते?"

अन् सगळ्यांले पटलं! नीतूले बी पटलं. माह्यातलं भांडं काढलं, चुलीवर चढवलं. ओरखडा नव्हता ज्या भांड्यावर, त्याच्या बुडाले काजळी लागली. मंग भात शिजला, भांडं पुसून माह्यात ठेवलं, झाकण लावलं. मी जिवंत असल्याचं सोंग घेऊन बसलो.

दीडले फोन वाजला. लिगाया ड्युटीच्या कपड्यात होती. मांगे खिडकीत चांदणी, समोर एका माणसाचा एवढासा नवा कुकर. त्या दोघी आपसात तोडकीमोडकी जपानी बोलत. लिगायानं विचारलं, "कसा झाला भात? पाणी बरोबर झालं?"

नीतूनं झाकण उघडून दाखवलं. "मस्त झाला."

"पहिल्यासारखाच?"

नीतूनं भांडं वर उचललं अन् काळं बूड फोनसमोर धरलं. "नाही. चुलीवर केला. कुकर जळाला. दादानं लावला, सगळ्यांनी लपवलं, अन् आता मी बी लपवत होती."

लिगाया फोनच्या जवळ सरकली अन् म्हणे, "भावाले बोलव."

लिलाधर आला. पंखे बसवणारा बाप्या, पण मान खाली. "सॉरी दीदी. बम सॉरी." एवढंच त्याले येत होतं, अन् त्यातला 'बम', म्हणजे 'खूप', तो बी आपल्याकडचाच.

लिगाया बोलत गेली, नीतू घरच्यांले सांगत गेली. "ते म्हणते, पहिल्या वर्षी तिनं असाच एक कुकर घरी पाठवला होता. तिच्या गावाले बी आपल्यासारखीच जास्त व्होल्टची लाइन. तिच्या भावानं बी पहिल्याच दिवशी जाळला. अन् चार वर्षं फोनवर सांगत राहिले, तुह्या कुकरचा भात मस्त होते. चार वर्षांनी घरी गेली तं त्यात कोंबड्यांचा दाणा भरून होता." नीतूनं भांडं खाली ठेवलं. "ते म्हणते, कुकरचं काही नाही वाटलं. आपल्याच घरचे आपल्याले पाहुणी समजून गोड गोड बोलत होते, त्याचं वाटलं. म्हणते, तू मले पाहुणी नाही केलं. आता जेव, मले ड्युटीले जाचं हाये."

दोघी जेवल्या. गीताबाईनं बी ताट घेतलं, फोनसमोर. श्यामलालनं लिगायाले आपली तळलेली मासोळी दाखवली.

तिसऱ्या दिवशी लिलाधरनं मले गाडीवर बांधून भंडाऱ्याले आणलं, राजकुमार मिस्त्रीकडं. मी आता त्याच्याच टेबलावर आहो. इथं मिक्सर आहे, इस्त्री आहे, दोन पंखे आहेत. सगळ्यांचे मालक एकच सांगून गेले, "आपोआपच बंद पडला." मिस्त्री म्हणते, आतला फ्यूज गेला असन तं होऊन जाईल, कॉइल गेली असन तं नाही. सोमवारी समजन. नाही झालो तरी माही तक्रार नाही. वस्तू आहो, एक दिवस जाणारच. पण मित्रांनो, वस्तूवर काय लिहून आहे ते लावायच्या आंधी वाचा. वाचता येत नसन तं विचारा, त्यात कोणाची इज्जत जात नाही. अन् हातून बिघडलंच, तं ज्याची वस्तू आहे त्याले त्याच दिवशी सांगा.

आणलं त्या दिवशी मिस्त्रीनं मले उलटं केलं, वास घेतला अन् वर न पाहताच विचारलं, "कोणं जाळला हा?"

"मी जाळला," लिलाधर म्हणे.

मिस्त्रीनं पेचकस खाली ठेवला अन् वर पाहिलं. दोन शब्द होते, मित्रांनो. एवढ्याले दहा दिवस लागतेत का?