पडायची गादी

शेषराव दुकानात येऊन बसला त्याला बराच वेळ झाला होता, पण कामाचं काही बोलत नव्हता. त्याने वांग्याचं पोतं दाराशी टेकवलं, पाणी प्यायला, चहा प्यायला, यंदा मोर्णा नदीला पाणी आहे का ते विचारलं, कापसाचा भाव विचारला. समोर गयासुद्दीन गादीच्या खोळीत कापूस भरत होता. अकोल्याच्या जुन्या शहरातलं हे दुकान त्याच्या बापापासूनचं. वलगावचा भाजीवाला दोन एसट्या बदलून नुसती वांगी द्यायला येत नाही, एवढं त्याला कळत होतं. शिवाय हा माणूस कोण, तेही ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी अमरावतीला राज्याच्या ज्युदो निवडीत ह्याच्याच पोरीने, वर्षालीने, त्याच्या रुबीनाला पाडलं होतं.

"बोला ना शेषरावभाऊ," गयासुद्दीन शेवटी म्हणाला. "वांगे तं पाहून घेतले मी."

शेषरावने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमची पोट्टी पाह्यजे मले," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येऊन गडबडला. "म्हंजे थोड्या दिवसांसाठी. वर्षालीसंगं लढाले."

गोष्ट अशी होती की एका वजनात राज्यातून एकच पोरगी देशाच्या स्पर्धेला जाते. सत्तावन्न किलोत ह्या दोघी शेवटपर्यंत बरोबरीत होत्या. वेळ संपला, वाढीव वेळ दिला, आणि त्यात रुबीनाचा पाय कसा निघाला ते कोणालाच नीट दिसलं नाही. वर्षालीचं नाव वर लागलं, रुबीनाचं खाली, राखीव म्हणून. वरची आजारी पडली, तिचा हातपाय मोडला किंवा ती वजनात जास्त भरली, तरच राखीवचा नंबर. आता वर्षालीची पंचाईत अशी की वलगावात तिच्या जोडीची पोरगीच नव्हती. ती पोरांशी सराव करायची. पोरं एक तर लाजून अंग चोरायची, नाही तर सगळं वजन घेऊन अंगावर पडायची. तिला शिकवणाऱ्या प्रतीक्षा मॅडमनी सांगितलं होतं, हिला तयार करील अशी एकच पोरगी आहे, ती अकोल्याची.

शेषराव गेल्यावर घरात भडका उडाला. गयासुद्दीनची बायको नसीमबानो म्हणाली, जिने चारचौघांत पाडलं तिच्या घरी जाऊन आपल्या लेकीने रोज पडायचं, वर त्यांच्या घरी राहायचं, हे कोणत्या शहाणपणात बसतं? ती पडावी आणि आपली जावी अशी दुवा मागायची सोडून तिलाच मजबूत करायचं? गयासुद्दीनला ते पटत होतं. रुबीनाने अमरावतीहून आल्यापासून आपला ज्युदोचा जाड पांढरा कोट पलंगाखाली कोंबून ठेवला होता आणि त्या पलंगाकडे ती पाहतही नव्हती. आता ती आतून आली ती तोच कोट झटकत.

"अम्मी, तिनं मले कोन्या डावानं पाडलं ते मले अजून समजलं नाई," ती म्हणाली. "घरी बसून कसं समजंन?"

 नसीमबानोने तिळाचे लाडू बांधून दिले.

गयासुद्दीन पोरीला पोचवायला वलगावला गेला. शेषरावची बायको पार्बताबाई हिने रुबीनाची पिशवी आपल्या हाताने वर्षालीच्या खाटेशी नेऊन ठेवली, तेव्हा त्याचा जीव थोडा खाली बसला. पण सरावाची खोली पाहिली आणि पुन्हा वर आला. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर चटया झिजून पापडासारख्या झालेल्या. वर्षालीने रुबीनाला उचलून टाकलं. तो आवाज त्याच्या बरगड्यांतून गेला. सारी उमर लोकांच्या पाठीखाली मऊ घालण्यात गेली, आणि आपली लेक दगडावर आपटते आहे.

अकोल्याला परतल्यावर त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. दुकानातला चांगल्यातला चांगला कापूस काढला, दोनदा पिंजला, आणि खोली भरेल एवढी गादी शिवली. टेम्पोत घालून वलगावला नेली. पार्बताबाईने हात दाबून पाहिला, तो मनगटापर्यंत आत गेला.

"माय वो, ह्याच्यावर तं नवरीले झोपवाव."

पोरी लहान लेकरांसारख्या गादीवर लोळल्या. प्रतीक्षा मॅडम त्या दिवशी अमरावतीला होत्या, नाही तर त्यांनी पाहताक्षणीच गादी उचलायला लावली असती. गयासुद्दीन मोठ्या समाधानाने बसने घरी निघाला. तो घरी पोचायच्या आत इकडे वर्षाली डाव टाकायला गर्रकन वळली. अंग वळलं, पाय वळला नाही. तो कापसात रुतून बसला होता.

दुसऱ्या सकाळपर्यंत वलगावच्या पानठेल्यावर बोललं जात होतं, की राखीव पोरीच्या बापानं गादी करून आनली मने. एवढं म्हणून माणसं चुना मळत राहत. पुढचं बोलायची कोणाला गरज नव्हती.

वर्षालीच्या पायाचं आणि गावातल्या बोलण्याचं सांगायला रुबीनाचा फोन आला तेव्हा गयासुद्दीन जेवत होता. नसीमबानोने विचारलं, म्हणजे आता आपली जाईल? आणि त्या एका क्षणी त्याच्या छातीत काहीतरी हलकं झालं. लगेच त्याने ताट बाजूला सारलं. गादी शिवताना आपल्या मनात काही नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, पण ह्या हलकेपणाचं काय करावं ते कळेना.

तो उठला आणि तडक वलगावला गेला, गादी आणि लेक दोन्ही परत आणायला. प्रतीक्षा मॅडम ओसरीवरच बसल्या होत्या.

"काका, वर्षालीचा पाय मुरगळलाय. मोडला नाही, पण स्पर्धेपर्यंत पुरता बरा होईल का, कोणी सांगू शकत नाही. नाव उद्यापर्यंत बदलता येतं. रुबीनाचं कळवू? नियमात बसतं, कोणी काही म्हणणार नाही."

"लोकं म्हनूनच राह्यले, मॅडम." तो शेषरावकडे वळला. "शेषरावभाऊ, खुदा गवाह, म्या मुद्दाम नाई केलं. माही गादी मी घेऊन जातो."

"गादी नाई भेटत," शेषराव म्हणाला.

"काहून?"

"रात्री तिच्यावर झोपलो मी. दोन वर्साची कंबर मोकळी झाली. आता ते माही गादी हाय." मग कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता वर न पाहता म्हणाला, "आनं लोकाइचं काय सांगता गयासभाई, मी वांग्याले रंग लावतो असंबी म्हनते लोकं."

आतून धडपड ऐकू आली म्हणून सगळे खोलीत गेले. जुन्या चटईवर वर्षाली पाठीवर पडली होती, सुजलेला पाय उशीवर, आणि रुबीना तिच्या छातीवर आडवी पसरून तिला दाबून धरत होती.

"मॅडम, नाव राहू द्या," रुबीना तशीच पडल्या पडल्या म्हणाली. "उभं राहाले पाय लागते. जमिनीवर कुठं लागते? अन् खालच्या पकडीत ही एकदम कच्ची हाय."

"बेटा, नीट विचार कर," मॅडम म्हणाल्या. "अशी संधी पुन्हा कधी येईल..."

"मले हिले पाडून जायचं हाय. हिच्या सुजीवर बसून नाई जात मी."

"आधी माह्या आंगावरून तं ऊठ," खालून वर्षाली म्हणाली. "जीव चालला माहा."

गयासुद्दीनने आपल्या लेकीकडे पाहिलं, आणि मॅडमना नाव बदलू नका म्हणून सांगितलं.

मग तो पुन्हा कामाला लागला. मॅडमनी समजावून दिलं तसा काथ्या आणला, जुन्या गाद्यांचा बसून गेलेला कापूस घेतला, पायाने तुडवून तुडवून भरला, वरून ताडपत्री ताणली. गादी टणक व्हावी म्हणून तो पहिल्यांदाच घाम गाळत होता, आणि त्याचे हात सारखे विसरून कापूस मोकळा करायला जात होते. मॅडमनी टाच आपटून पाहिली. पाय रुतला नाही. त्या गादीवर महिनाभर दोघी बहुतेक आडव्याच लढल्या. सुरुवातीला वर्षालीला रुबीनाखालून सुटता येत नव्हतं. मग येऊ लागलं. मग एक दिवस रुबीनाला सुटता येईना.

देशाच्या स्पर्धेत वर्षाली पट्टी बांधून उतरली. उभ्याने तिने दोनदा मार खाल्ला, पण दोन लढती तिने खाली घेऊन दाबून जिंकल्या आणि तिसरी आली. गयासुद्दीनला वाटलं, झालं, आता परदेशी जाणार. मॅडमनी सांगितलं, इतकं सोपं नाही. वरच्या मोजक्या पोरींची पुन्हा दिल्लीत निवड होते, तिथून एक जाते. ती आशियात लढते, तिथे जिंकेल तसे गुण मिळतात, ते वर्षानुवर्षं साठवायचे, तेव्हा कुठे सगळ्यात मोठ्या मैदानाचं तोंड दिसतं.

"म्हंजे एक दार उघडलं का मांगं दुसरं दार," गयासुद्दीन म्हणाला.

"हो. आणि देशातली निवड दरवर्षी पहिल्या दारापासून. सगळ्यांना."

"सगळ्याइले?"

"वर्षालीला पण."

हे त्याने घरी जाऊन नसीमबानोला दोनदा सांगितलं.

दिल्लीच्या निवडीत वर्षाली पहिली आली. काही दिवसांनी शेषराव तिला घेऊन दुकानात हजर झाला. तिच्या हातात नवा कोट होता आणि त्याच्या पाठीवर लावायचं कापड, वर तिचं नाव, खाली देशाची अक्षरं. अमरावतीच्या टेलरने दोन सुया मोडून कोट परत दिला होता, इतकं ते कापड जाड. गयासुद्दीनने गादी शिवायची लांब सुई काढली, दोरा मेणातून ओढला आणि कोट मांडीवर घेतला. रुबीनाने समोर बसून दोन्ही कडा ताणून धरल्या. नसीमबानो सरबत घेऊन आली ती तिथेच थांबली, आणि टाके जवळ घाला म्हणून दोनदा बोलली. दुसऱ्याच्या लेकीचं नाव एकेका टाक्याने पाठीवर बसत गेलं. शेषराव बाहेरच्या पायरीवर जाऊन उगाच रस्त्याकडे पाहत बसला.

शेवटची गाठ मारून गयासुद्दीनने दोरा दातांनी तोडला. वर्षालीने कोट अंगात घातला आणि वळून उभी राहिली. रुबीना तिच्या मागे गेली. तिने नावावर हात फिरवला, मग कापडाची कड दोन्ही मुठींत धरली, लढतीत धरतात तशी, आणि पाय रोवून होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढलं. वर्षालीने गुडघे वाकवले, जागची हलली नाही. टाका एकही उसवला नाही.

"सुटत नाई," रुबीना म्हणाली. मूठ तिने लगेच सोडली नाही.