ढकलगाडा वाकडा गेला, तो गुरुवार

मी एक जुना ढकलगाडा आहे, मित्रांनो. नावात गाडा असला तरी मला चाकं नाहीत. चाकं असती तर मला ढकलण्यात कसली आली मर्दुमकी! खाली दोन लोखंडी पट्ट्या, पुढे छातीच्या उंचीची एक रुंद गादी आणि मागे एक फळी, एवढाच माझा संसार. फळीवर कोच उभा राहतो. समोरून एखादा धिप्पाड पोरगा गादीला दोन्ही खांदे लावून मला मातीतून रेटत नेतो आणि कोच वरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. नेब्रास्कातल्या आमच्या लहानशा कॉलेजात फुटबॉल असाच शिकवतात. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे बरं का. इथे एकजण चेंडू लांब फेकतो किंवा काखेत मारून पळतो आणि बाकीचे समोरच्यांना भिडून त्याची वाट मोकळी करतात. त्या भिडणाऱ्यांना मी घडवलं.

मला गावातल्या एका वेल्डरने बनवलं. धान्याच्या कोठारांना शिड्या जोडणारा माणूस तो, त्यामुळे मजबुतीत कमी नाही. पण माझी एक खोड आहे. दोन्ही खांद्यांचा जोर सारखा लागला नाही, तर मी तत्काळ वाकडा जातो. नवी पोरं त्यावरून मला लाथा घालत. मी काय करणार? सरळ ढकललंत तर सरळ जाईन.

वेंडल हॅगस्ट्रॉम माझ्यासमोर आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. घरची मक्याची शेती, मान बैलासारखी आणि स्वभाव लाजाळू. पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर तोंडावर आपटला. चौथ्या वर्षी मात्र फळीवरच्या कोचसकट मला कुंपणापर्यंत न्यायचा. मग त्याला मोठ्या शहरातल्या व्यावसायिक संघाने घेतलं. नऊ वर्षं तो तिथे खेळला. न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो लागला. खेळ संपल्यावर, दोन्ही गुडघ्यांची वाट लावून घेऊन, तो गावात परत आला आणि पुढे आमचाच कोच झाला.

सुरुवातीची दहा वर्षं आम्ही नुसते जिंकत होतो. दर उन्हाळ्यात मला रंग लागायचा. एका खेळाडूने तर माझ्या फळीवर बसून लग्नाचा फोटो काढून घेतला. त्याची नवरी चिडली होती, पण फोटो छान आला. पुढे कुणा श्रीमंत माजी विद्यार्थ्याने कसाही ढकलला तरी सरळ जाणारा चकचकीत नवा ढकलगाडा भेट दिला आणि माझी रवानगी कुंपणापाशी झाली, फिजिओच्या खोलीच्या खिडकीखाली. पट्ट्यांना गंज चढला. गादीत उंदरांनी बाळंतपणं केली. इतकी वर्षं राबलो, पण एकदा तरी कुणी येऊन विचारलं का, की बाबा कसा आहेस? राग यायचा मला. पण त्या जागेवरून सगळं ऐकू यायचं, हे खरं.

एक ऐकलेली गोष्ट सांगतो, कारण सगळं तिच्यावरूनच झालं. आमच्या खेळात डोक्याला मार बसतो. म्हणून दर ऑगस्टमध्ये, सामने सुरू होण्याआधी, प्रत्येक पोराची संगणकावर परीक्षा होते. शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या, झटपट बटण दाबायचं. मिळालेला आकडा जपून ठेवतात. पुढे डोक्याला लागलं की तीच परीक्षा पुन्हा. आकडा घसरला, तर मैदान बंद.

ती परीक्षा झाली की मैदानावर जेवण असायचं, भाजलेली कणसं आणि सॉसेज. तिथे वेंडल दरवर्षी एकच किस्सा रंगवून सांगायचा. व्यावसायिक संघात असताना तो ऑगस्टची परीक्षा मुद्दाम वाईट द्यायचा. मग नंतर कितीही आपटला तरी आकडा घसरायचाच नाही. "पोरांनो, ऑगस्टमध्ये ढ राहा, म्हणजे नोव्हेंबरमध्ये हुशार दिसाल," असं म्हणून तो डोळा मारायचा. पोरं खो खो हसायची. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू?

मग वाईट दिवस आले. नदीपलीकडच्या कॉलेजाने आम्हाला सलग तीन वर्षं हरवलं. चौथ्या वर्षीच्या सामन्याआधी आमच्या कॉलेजचे अध्यक्ष स्वतः मैदानावर आले आणि वेंडलला कुंपणापाशी बाजूला घेऊन गोड आवाजात म्हणाले, की हा शनिवारही गेला तर आम्हाला नवा माणूस शोधावा लागेल. वेंडलने फक्त मान डोलावली. गावात त्याला दुसरं कामही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

आणि नेमकं त्याच सुमारास एमेटला लागलं.

एमेट क्रुपा हा आमच्या आघाडीच्या फळीतला सगळ्यात दांडगा गडी. चेंडू फेकणाऱ्याची पाठ तो राखायचा. तो नसेल तर आमचा खेळ उघडा पडणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आधीच्या शनिवारी त्याची समोरच्याशी डोक्याला डोकं लागून टक्कर झाली. तो उठला, अंग झाडलं आणि प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्यांनी हसत त्याला आमच्याकडे ढकललं.

सोमवारी त्याची परीक्षा झाली. खिडकी उघडी होती. फिजिओ आयोना बाई म्हणजे खेळाडूंच्या दुखण्यात केस पांढरे झालेली बाई. ती वेंडलला म्हणाली, "आकडा ऑगस्टइतकाच आहे. उलट दोनने जास्त. पण ऑगस्टचा आकडाच पार तळाला आहे, वेंडल. वर्गात पहिल्या पाचांत असणारा मुलगा हा. मला काही हे पटत नाही."

"कागदावर ठीक आहे ना?"

"कागदावर ठीक आहे."

"मग झालं तर," असं म्हणून वेंडल बाहेर आला आणि माझ्या फळीला टेकून बराच वेळ उभा राहिला.

मंगळवारी एमेट सरावाला आला. बुधवारीही आला. उन्हाकडे पाठ करून उभा राहायचा, शिट्टी वाजली की डोळे मिटायचा. मला दिसत होतं. अशा डोक्यावर शनिवारी दुसरा घाव बसला तर काय होतं, हे मी आयोना बाईच्या तोंडून ऐकलं होतं. जीवही जातो. माझ्या अंगात एवढं लोखंड, पण ओरडायला तोंड नाही. आयुष्यात कधी नव्हे इतका मी घाबरलो होतो.

गुरुवारी दुपारी वेंडलने ट्रॅक्टर लावून मला मैदानात ओढून आणलं. उंदीर पळाले. पोरं हसली, "कोच, हे भंगार कशाला?" वेंडल फळीवर चढला आणि एमेटला म्हणाला, ढकल.

एमेटने खांदे लावले. मी डावीकडे गेलो.

पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा तर मी गोल फिरून कुंपणाकडे तोंड केलं आणि एमेट गादीला धरून राहिला, पडू नये म्हणून. हसणं थांबलं होतं.

"दव आहे, कोच. पाय सरकतोय," तो म्हणाला.

मैदान कोरडं ठाक होतं. वेंडल गुडघे धरत खाली उतरला. "ऑगस्टची परीक्षा खरी दिलीस का?"

एमेटने खाली पाहिलं. मग अगदी हळू, तक्रारही न करता म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं की, कोच."

वेंडलच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. सबंध संघ भोवती उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या आतून घडी घातलेला कागद बाहेर काढला. कागदावर मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांची नावं होती, मोठ्या अक्षरांत, त्याच्या बायकोने लिहिलेली.

"मी तुम्हाला सगळ्यांना 'पोरा' म्हणतो," तो म्हणाला. "तुम्हाला वाटतं, कोचचा जीव आहे आपल्यावर. तो आहेच. पण नावं आठवत नाहीत, म्हणून म्हणतो. परवा घरी जाताना रस्ता चुकलो. बावीस वर्षांचा रोजचा रस्ता." त्याने कागदावर बोट फिरवलं, शोधलं आणि वाचलं, "एमेट. तू शनिवारी खेळणार नाहीस. पुढे कधी खेळायचं ते डॉक्टर ठरवतील. आणि तो किस्सा विनोदी नव्हता. मी गाढवपणा केला, त्याचेच हे भोग, आणि दरवर्षी तुम्हालाही तोच शिकवत राहिलो."

एमेट रडला. एवढा मोठा गडी, माझ्या गादीत तोंड खुपसून रडला. मला वाटतं त्याला सुटल्यासारखं झालं असावं.

शनिवारी आम्ही एकतीस गुणांनी हरलो. रविवारी अध्यक्षांचं पत्र आलं. गावातल्या कॅफेत लोक म्हणाले, म्हातारा हळवा झाला.

सोमवारी सकाळी मी अजून मैदानातच होतो, कुणी परत ठेवलं नव्हतं. तिथून मला फिजिओच्या खोलीचं दार दिसत होतं. दारापाशी रांग लागली होती. ऑगस्टची परीक्षा खोटी दिली होती म्हणून खरी द्यायला आलेले चौदा खेळाडू. आयोना बाई एकेकाला आत घेत होती. रांगेच्या शेवटी, सगळ्यांच्या मागे, वेंडल उभा होता. आता तो कुणाचा कोच नव्हता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्या पुढे एमेट होता. एमेटने मागे वळून पाहिलं आणि आपली जागा त्याला दिली.

मित्रांनो, माझा गंज वरून दिसतो. कुणी दयाळू असेल तर घासून तेल लावतो. तुमच्या डोक्यातलं दुखणं मात्र कुणाला दिसत नाही, ते तुम्हालाच सांगावं लागतं. लागलं असेल तर लागलं म्हणा. आणि दुसऱ्या कुणी म्हटलं, तर हसू नका, त्याला रांगेत आपल्या पुढे जाऊ द्या.