कवळीच्या आधी

कडावच्या सोनुबाईला कवळी बसवून पाऊसकाळ सरत आला, तरी ती ताटातला भात नुसता चिवडायची. विचारलं की म्हणायची, "भूक नाय." सुनेला, मैनेला, ते खरं वाटायचं. मग एकदा धुणं धुताना सासूच्या पदराला रक्ताचे डाग दिसले आणि ती धुणं तसंच टाकून घरात आली.

"आत्या, तोंड उघडा बगू."

"काय नाय गं त्यात."

बऱ्याच आढेवेढ्यांनंतर सोनुबाईनं कवळी काढली. खालची हिरडी सोलवटून निघाली होती. लेकानं, विठूनं, हौसेनं करून दिलेली कवळी. ती टोचते हे सांगणं तिच्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मैना तिला एसटीनं कर्जतला दातांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी हिरडी चाचपली आणि मैनेचं बोट धुवायला लावून तिथं टेकवलं. आजवर तिनं सासूच्या पायांना हात लावला होता, तोंडाला कधीच नाही. मऊ हिरडीखाली विळ्यासारखी धार लागली.

"दात काढले तिथं हाडाचा कंगोरा राहिलाय," डॉक्टर म्हणाले. "कवळी त्यावर दाबते. तो घासून जबडा सपाट करू, हिरडी शिवू. नीट भरून आली की नव्या कवळीचं माप घेऊ."

"हाड घासायचं?" सोनुबाई उठूच लागली. "चल गं घरी. आता किती जगायचं हाय मला."

मैनेनं तिला अडवलं नाही. "जगाल तवर जेवाय तर लागंल ना, आत्या. मी हाय हितंच."

सोनुबाई पुन्हा खुर्चीत टेकली. सुईनं जबडा बधिर झाला, पण कानशीची खरखर डोक्यात घुमत राहिली. तिनं सुनेचं मनगट इतकं आवळून धरलं की मैनेची बांगडी वाढली.

बाहेर पडल्यावर ते सोनुबाईच्या ध्यानात आलं. तोंडात बोळा, बोलता येईना. तिनं मैनेला धरून बाजारात कासाराच्या दुकानी नेलं, खुणेनंच हिरव्या बांगड्या काढायला लावल्या आणि हातभर भरल्यावरच एसटीची वाट धरली.

विठूला सगळं कळलं तेव्हा तो आईजवळ येऊन बसला. "मला सांगाचं व्हतंस गं, आये." तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग पेज, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि कोणी आलं की तोंडावर पदर. मैना रोज हिरडी बघायची.

भात झोडून झाला तेव्हा नवी कवळी आली. त्या दुपारी सोनुबाईनं वालाचं बिरडं भाकरीशी खाल्लं. सावकाश, दोन्ही बाजूंनी चावत. विठू आणि मैना बघत राहिले.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

कितीतरी महिन्यांत तिनं जेवणाला नाव ठेवलं नव्हतं. मैना हसत मीठ आणायला उठली.

"ऱ्हाऊ दे ते. तुजं ताट घेऊन ये आदी," सोनुबाई जरा सरकत म्हणाली. "संगं जेवू."